मुलांचे ‘तोंड येणे’

मूल जेवेनासे झाले, त्याच्या तोंडातून लाळ गळू लागली आणि ओठांच्या आत कोठेतरी लालपांढरे काही दिसले, म्हणजे मराठी घरातील वडीलधारे माणूस एका वाक्यात निदान करून मोकळे होते : ‘तोंड आले आहे.’ हे वाक्य खोटे नसते. परंतु ते अपुरे असते. अंगावर पिणाऱ्या बाळाच्या जिभेवरील पांढरा थर, दोन वर्षांच्या मुलाच्या सुजलेल्या हिरड्या, शाळकरी मुलाच्या गालात वारंवार उठणारा व्रण आणि गोवरातून नुकत्याच उठलेल्या मुलाच्या तोंडातील खोल क्षत, या सर्वांना भाषेने एकच नाव दिले आहे. यांपैकी काही विकार आठवडाभरात आपोआप बरे होतात, काहींना औषधाचे चार थेंब पुरतात, आणि एखादा मात्र वेळीच ओळखला नाही तर मुलाचा गाल, प्रसंगी प्राणही, घेऊन जातो. एका नावाखाली नांदणाऱ्या या निरनिराळ्या आजारांची निवड करण्याचे काम शहरातील तज्ज्ञाच्या कितीतरी आधी गावच्या, पेठेतल्या किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरकडे येते. ते काम तो कसे करतो, हे जाणून घेणे घरच्या माणसांनाही उपयोगाचे आहे. कारण मुलाच्या तोंडात पहिली नजर जाते ती आईचीच.

भोर समितीने १९४६ साली आपल्या अहवालात खेड्यांसाठी प्राथमिक आरोग्य केंद्रांची कल्पना मांडली आणि १९५२ सालापासून सामुदायिक विकास योजनेबरोबर अशी केंद्रे उभी राहू लागली. तेव्हापासून आजवर औषधे बदलली, नव्या लसी आल्या. परंतु मुलाचे तोंड तपासण्याची साधने फारशी बदललेली नाहीत. चांगला उजेड, चमचा किंवा चपटी लाकडी पट्टी, स्वच्छ फडके आणि थोडा धीर, एवढ्यावर बहुतेक निदाने होतात. प्रयोगशाळेची पायरी क्वचितच चढावी लागते. म्हणूनच या विषयात यंत्रापेक्षा नजरेला महत्त्व आहे, आणि ती नजर कोणत्या क्रमाने फिरवावी यालाही तितकेच महत्त्व आहे.

अनुभवी डॉक्टर मुलाच्या तोंडाकडे सर्वांत शेवटी वळतो. मूल आईच्या कडेवर असतानाच तो पुष्कळसे पाहून घेतो : ते आजूबाजूला बघते आहे की मलूल पडले आहे, रडताना डोळ्यांत अश्रू येतात की नाही, डोळे खोल गेले आहेत काय, अंगावर पुरळ आहे काय, तळहातांवर व तळपायांवर फोड आहेत काय, मानेत गाठी लागतात काय. त्यानंतर आई व डॉक्टर समोरासमोर, गुडघ्याला गुडघा लावून बसतात. मूल आईकडे तोंड करून तिच्या मांडीवर बसते आणि मग त्याला अलगद मागे आडवे करून त्याचे डोके डॉक्टरच्या मांडीवर घेतले जाते. मुलाचे हात आईच्या हातांत राहतात. मूल रडते खरे. पण रडताना तोंड उघडते, आणि डॉक्टरला हवे तेवढेच हवे असते. ओठ, गालांची आतली बाजू, हिरड्या, दात, जिभेचा वरचा व खालचा भाग, टाळू आणि शेवटी घसा, हा क्रम ठरलेला असला म्हणजे काही पाहावयाचे राहून जात नाही. मात्र एका प्रसंगी हा सारा विधी बाजूला ठेवावा लागतो. ताप आलेले, लाळ गाळणारे मूल पुढे झुकून श्वासासाठी धडपडत असेल, तर त्याच्या तोंडात चमचा घालणे धोक्याचे असते. त्याला आईच्या मांडीवर बसल्या स्थितीतच ठेवून तातडीने मोठ्या रुग्णालयात हलविणे हाच तेथे उपचार होय.

पाहून झाल्यावर डॉक्टर मनाशी चार प्रश्न घालतो. मुलाचे वय काय? विकृती तोंडाच्या कोणत्या भागात आहे? ताप आहे की नाही? आणि मूल पीत आहे की नाही? यांपैकी दुसरा प्रश्न फार जुना आहे. सुश्रुताने मुखरोग ६५ सांगितले आणि त्यांची वाटणी ओठ, हिरड्या, दात, जीभ, टाळू, कंठ आणि सर्व मुख अशा सात स्थानांवर केली. आजच्या रोगांची नावे निराळी आहेत आणि कारणांची कल्पनाही निराळी आहे. तथापि स्थान पाहून रोगाकडे जाण्याची वाट अद्याप उपयोगी पडते. पहिल्या तीन प्रश्नांनी रोगाचे नाव कळते. चौथ्या प्रश्नाने मूल घरी राहू शकते की नाही हे कळते, आणि अनेकदा नावापेक्षा हेच अधिक महत्त्वाचे असते.

प्रारंभ अगदी लहान बाळापासून करावा. नवजात बाळाच्या टाळूवर, मधल्या रेषेलगत, मोत्यासारखे पांढरट दाणे पुष्कळदा दिसतात. प्रागचे बालरोगतज्ज्ञ आलोइस एपस्टाइन यांचे नाव या दाण्यांना मिळाले आहे. हिरडीवरही असेच दाणे उठतात आणि आजीला ते दात वाटतात. हा रोगच नव्हे. काही आठवड्यांत ते दाणे जिरून जातात. बोटाने किंवा कापसाने चोळून काढण्याचा प्रयत्न केला, तर मात्र जखम होते आणि नसलेला रोग निर्माण होतो. क्वचित, दोन-तीन हजार जन्मांत एखाद्या वेळी, बाळ खरोखरीच दात घेऊन जन्माला येते. हा दात अशुभ मानून घरात काळजीचे वातावरण पसरते. वस्तुतः तो बहुधा नेहमीचाच दुधाचा दात असतो, फक्त वेळेआधी आलेला. तो फार हलत असेल तर गळून श्वासनलिकेत जाण्याची भीती असते, आणि स्थिर असला तरी स्तनपानाच्या वेळी त्यावर घासून जिभेखाली व्रण होऊ शकतो. या दोन्ही प्रसंगी दंतवैद्याचा सल्ला घ्यावा. एरवी दात तसाच राहू द्यावा आणि बाळाच्या कपाळी त्याचा दोष लावू नये.

पांढऱ्या थराचा प्रश्न याहून नित्याचा आहे. येथे डॉक्टरचे खरे साधन म्हणजे बोटाला गुंडाळलेले ओले फडके. थर केवळ जिभेवर असून फडक्याने सहज पुसला गेला, तर ते साचलेले दूध होय. त्याला औषध नाही. थर गालांच्या आत व ओठांच्या आतही पसरला असेल, विरजलेल्या दुधाच्या कणांसारखा दिसत असेल, पुसताना सहज निघत नसेल आणि निघाला तर खाली लालबुंद ओली त्वचा दिसत असेल, तर ती कँडिडा नावाची बुरशी समजावी. तिसरा थर सर्वांत भयंकर. तो घशात, गलग्रंथींवर बसतो; रंगाने राखाडी असतो, खालच्या त्वचेला घट्ट चिकटलेला असतो आणि ओढू गेल्यास रक्त येते. सोबत मान सुजलेली व मूल निस्तेज असते. हा घटसर्प. याला फडके लावू नये, ओढून पाहू नये. प्रतिविष मिळेल अशा रुग्णालयात तासाचाही विलंब न करता पाठवावे. लसीकरणामुळे घटसर्प पुष्कळ मागे हटला आहे, पण तो नाहीसा झालेला नाही. लस चुकलेल्या मुलाच्या घशात पांढरे दिसले, तर डॉक्टरला या नावाची आठवण झालीच पाहिजे.

बुरशीवरील उपचार सोपा आहे. निस्टॅटिनचे थेंब दिवसातून चार वेळा, पाजून झाल्यावर, गालांच्या आत दोन्ही बाजूंना सोडावेत आणि थर दिसेनासा झाल्यावरही दोन दिवस चालू ठेवावेत. आईच्या स्तनाग्रांवर बुरशी असेल तर तिच्यावरही त्याच वेळी उपचार करावेत, नाहीतर रोग एकाकडून दुसऱ्याकडे फेऱ्या घालीत राहतो. बाटलीने दूध दिले जात असेल तर बूच उकळावे. बाटली सोडून वाटी-चमचा घेतला तर अधिकच चांगले. जांभळे औषध म्हणून घरोघरी ओळखले जाणारे जेन्शन व्हायोलेट अनेक वर्षे याच कामी वापरले गेले. शेकडा पाव इतक्या पातळ द्रावणात ते वापरण्याची सूचना बालआजारांच्या मार्गदर्शक पुस्तिकांत आहे. परंतु कॅनडाच्या आरोग्य खात्याने २०१९ साली त्याच्या वापराविरुद्ध इशारा दिला आहे. म्हणून निस्टॅटिन मिळत असेल तेथे तेच बरे, आणि जांभळे औषध वापरावेच लागले तर ते पातळ व मोजके दिवसच वापरावे. तीव्र द्रावणाने तोंडात नवीनच व्रण होतात. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी. बाळ वर्षाचे होऊन गेल्यावर, प्रतिजैविक किंवा दम्याचे फवाऱ्याचे औषध चालू नसताना, ही बुरशी पुनःपुन्हा येत असेल, तर ती शरीराची प्रतिकारशक्ती खालावल्याची खूण असू शकते. अशा वेळी तोंड रंगवीत बसण्यापेक्षा मुलाची व आईची रक्ततपासणी अधिक निकडीची ठरते.

सहाव्या महिन्याच्या सुमारास दात येऊ लागतात आणि त्यांच्यावर अनेक आरोपही येऊ लागतात. ताप आला, जुलाब झाले, झटके आले, तरी ‘दात येत आहेत’ असे म्हणून घरचे लोक वाट पाहतात. दात येताना हिरडी थोडी सुजते, लाळ गळते, मूल चिडचिड करते, हातात येईल ते चावते. कधी हिरडीवर निळसर फुगा दिसतो, तोही दात वर आला की मावळतो. परंतु चढता ताप, पाण्यासारखे जुलाब किंवा झटके दातांमुळे येत नाहीत. याच वयात आईकडून मिळालेली प्रतिकारशक्ती ओसरू लागते, मूल रांगू लागते व जमिनीवरची वस्तू तोंडात घालते. आजार येतात ते तेथून. दातांवर ठपका ठेवून गमावलेले दोन दिवस जुलाब झालेल्या मुलाला फार महाग पडतात.

दात येण्याच्या काळातील उपचारांचा इतिहासही शिकवण देणारा आहे. पाश्चात्त्य देशांत एके काळी हिरड्यांसाठी पाऱ्याचे लवण घातलेल्या पुड्या मुलांना सर्रास देत. हात-पाय गुलाबी होऊन सुजणे, घाम, वेदना आणि रात्रंदिवस तळमळ असा एक विचित्र रोग त्या मुलांना होई. त्याचे कारण पारा आहे हे जोसेफ वॉर्कनी यांनी १९४० नंतरच्या दशकात अमेरिकेत दाखवून दिले. ब्रिटनमध्ये १९५४ साली त्या पुड्या बाजारातून काढून घेतल्यावर तो रोगही जवळजवळ नाहीसा झाला. क्षुल्लक विकारावरचा निष्काळजी उपचार केवढा अनर्थ करू शकतो, याचे हे ठळक उदाहरण होय.

सहा महिने ते पाच वर्षे हे वय विषाणुजन्य मुखविकारांचे. यांत तीन विकार मुख्य आहेत, आणि त्यांना वेगळे करते ते स्थान. ओठ, हिरड्या आणि जिभेचा पुढचा भाग येथे बारीक फोड येऊन फुटतात, हिरड्या लाल होऊन सुजतात व हात लावताच रक्त येते, तोंडाला दुर्गंधी सुटते, ताप भडकतो, तर तो हर्पिस सिम्प्लेक्स या विषाणूचा पहिला हल्ला समजावा. तो दहा ते चौदा दिवस टिकतो. पहिल्या तीन दिवसांत मूल आले व आजार जोराचा असला, तर असायक्लोव्हिर या औषधाने त्याचा कालावधी कमी होतो. नंतर दिल्यास फारसा उपयोग होत नाही. तोंडातले बोट चोखल्याने फोड बोटावर उमटतात, डोळ्याला लागल्यास डोळ्याला इजा होते. म्हणून मुलाचे हात धुवावेत आणि घरात तान्हे मूल असल्यास त्याचे मुके या मुलाला घेऊ देऊ नयेत. याउलट फोड केवळ मागे, मऊ टाळूवर व पडजिभेच्या आसपास असले आणि हिरड्या स्वच्छ असल्या, तर तो हर्पँजायना. तो आठवड्याच्या आत ओसरतो. आणि तोंडातील व्रणांबरोबर तळहात, तळपाय, कधी गुडघे व कुले यांवरही फोड असले, तर तो हात-पाय-तोंड रोग.

या तिसऱ्या रोगाची साथ १९५७ साली कॅनडातील टोरांटो येथे नोंदली गेली. तो घडवून आणणाऱ्या विषाणूंच्या एका गटाला कॉक्सॅकी हे नाव आहे. न्यूयॉर्क राज्यातील त्या नावाच्या गावच्या रुग्णांकडून १९४८ साली तो प्रथम वेगळा काढण्यात आला होता. भारतात हा रोग आता पाळणाघरांतून आणि बालवाड्यांतून चांगलाच परिचित झाला आहे. केरळातील कोल्लम जिल्ह्यात २०२२ साली मुलांच्या अंगावर मोठे लाल फोड दिसले, तेव्हा ‘टोमॅटो ताप’ हे नाव देशभर पसरले आणि पालकांची तारांबळ उडाली. तोही हात-पाय-तोंड रोगाचाच एक अवतार होता. महाराष्ट्रातील शेतकरी कुटुंबांत हे नाव ऐकताच गुरांच्या लाळ्या-खुरकुताची आठवण होते आणि गोठ्यातून रोग घरात आला अशी शंका येते. या दोन रोगांचा एकमेकांशी काहीही संबंध नाही; विषाणू वेगळे, रोगी वेगळे. मुलांचा हा रोग मुलांकडूनच येतो व सात ते दहा दिवसांत जातो. काही आठवड्यांनी एखाद्या मुलाची नखे गळतात, पण ती पुन्हा येतात. मात्र सतत उलट्या, झोपेत वारंवार दचकणे, तोल जाणे किंवा ग्लानी ही चिन्हे दिसली, तर विषाणू मेंदूकडे वळल्याची शंका घेऊन मुलाला दवाखान्यातून रुग्णालयात हलवावे.

शाळकरी वयात चित्र पालटते. ताप नाही, मूल खेळते आहे, पण गालाच्या किंवा ओठाच्या आत गोल व्रण आहे. त्याचा तळ पिवळसर आणि कडा लाल. हेच खरे नेहमीचे ‘तोंड येणे’. एक-दोन आठवड्यांत तो व्रण भरतो. वर्षातून अनेकदा असे होत असेल, तर लोह, फॉलिक आम्ल आणि ब-१२ जीवनसत्त्व यांची कमतरता शोधावी. वजन न वाढणे व पोट बिघडणे यांची जोड असेल, तर गहू न सोसणाऱ्या सीलिॲक रोगाचाही विचार करावा. ओठांचे कोपरे चिरणे हीदेखील पुष्कळदा आहारातील उणिवेची खूण असते. काही मुलांच्या जिभेवर नकाशासारखे लाल पट्टे दिसतात व ते दर काही दिवसांनी जागा बदलतात. ती नकाशी जीभ निरुपद्रवी असते. तिच्यावर औषधांचा मारा करण्याचे कारण नाही. याउलट किडलेल्या दुधाच्या दातापाशी हिरडीवर पुवाची बारीक पुळी दिसली, तर ‘दुधाचा दात पडणारच आहे’ असे म्हणून स्वस्थ बसू नये. तो पू खाली तयार होणाऱ्या कायमच्या दाताला व जबड्याला उपद्रव करतो.

आता ज्या आजारात तोंड हेच सर्वांत आधी व सर्वांत शेवटी बोलते, त्या गोवराकडे वळावे. न्यूयॉर्कचे बालरोगतज्ज्ञ हेन्री कॉप्लिक यांनी १८९६ साली दाखवून दिले की, अंगावर पुरळ उठण्यापूर्वी एक-दोन दिवस गोवराच्या मुलाच्या गालांच्या आत, दाढांसमोर, लाल जमिनीवर मिठाचे कण सांडावेत तसे पांढरे ठिपके दिसतात. ताप, खोकला, लाल डोळे व वाहते नाक असलेल्या मुलाचा गाल चमच्याने बाजूला सारून पाहणारा डॉक्टर पुरळाच्या आधीच गोवर ओळखतो, आणि त्याला इतर मुलांपासून दूर ठेवण्यासाठी दोन मोलाचे दिवस मिळवितो.

परंतु गोवराचे खरे संकट पुरळ मावळल्यानंतर उभे राहते. हा रोग शरीरातील अ जीवनसत्त्वाचा साठा आटवितो आणि प्रतिकारशक्ती कित्येक आठवडे दुबळी करून ठेवतो. तोंडात व्रण असल्याने मूल खात नाही, खात नसल्याने ते अधिक क्षीण होते, आणि त्या क्षीणतेत व्रण खोल जातात. म्हणूनच प्राथमिक केंद्रांसाठी तयार केलेल्या बालआजारांच्या एकात्मिक पद्धतीत, गेल्या तीन महिन्यांत गोवर झालेल्या प्रत्येक मुलाचे तोंड पाहण्याची आज्ञाच आहे. व्रण उथळ असतील तर अ जीवनसत्त्व व तोंडाची निगा. व्रण खोल किंवा विस्तीर्ण असतील, अथवा डोळ्याचे बुबुळ धूसर झाले असेल, तर अ जीवनसत्त्वाची व प्रतिजैविकाची पहिली मात्रा तेथेच देऊन मुलाला ताबडतोब रुग्णालयात पाठवावयाचे. अ जीवनसत्त्वाची मात्रा सहा महिन्यांखालील बाळाला ५० हजार, सहा ते अकरा महिन्यांच्या बाळाला १ लाख आणि वर्षावरील मुलाला २ लाख एकके, अशी लागोपाठ दोन दिवस द्यावी लागते.

या घाईचे कारण नोमा हा रोग होय. कुपोषित, बहुधा दोन ते सहा वर्षांच्या, आणि पुष्कळदा नुकत्याच गोवरातून उठलेल्या मुलाच्या हिरडीवर एक साधा व्रण पडतो. काही दिवसांतच तो गाल व जबडा कुजवीत पुढे जातो. उपचार न मिळाल्यास यातून दहांपैकी नऊ मुले दगावतात, आणि जी वाचतात त्यांचा चेहरा कायमचा विद्रूप होतो. आरंभीच्या अवस्थेत मात्र साधी प्रतिजैविके, पोषक आहार व तोंडाची स्वच्छता यांनी तो थांबतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ च्या डिसेंबरमध्ये या रोगाचा समावेश उपेक्षित उष्णकटिबंधीय रोगांच्या यादीत केला. आफ्रिकेच्या मानाने तो भारतात क्वचित आढळतो. परंतु गोवर व कुपोषण जेथे एकत्र येतात तेथे त्याची वाट मोकळी असते. २०२२ च्या अखेरीस मुंबईच्या गोवंडी भागात, तसेच भिवंडी व मालेगाव येथे गोवराची साथ आली आणि तीत मुले दगावली. नऊ महिने पूर्ण झाल्यावर पहिली आणि सोळा ते चोवीस महिन्यांत दुसरी, अशा लसीच्या दोन मात्रा हा गोवराचाच नव्हे, तर त्याच्या मागून येणाऱ्या या मुखविकारांचाही प्रतिबंध आहे. गोवरात औषध देऊ नये, खाणे तोडावे, ही समजूत तर सर्वथैव सोडून द्यावयास हवी.

तोंड आणखी काही मोठ्या आजारांची वर्दी देते. पाच दिवसांहून अधिक ताप, पू नसलेले लाल डोळे, चिरलेले लालभडक ओठ, स्ट्रॉबेरीसारखी खरखरीत लाल जीभ, हातापायांवर सूज : या मेळाचे वर्णन जपानचे डॉ. तोमिसाकू कावासाकी यांनी १९६७ साली केले. यात धोका तोंडाला नसून हृदयाच्या रक्तवाहिन्यांना असतो. दहा दिवसांच्या आत शिरेतून प्रतिपिंडे दिल्यास तो धोका चार मुलांत एकावरून वीस-पंचवीस मुलांत एकावर येतो. हिरड्यांतून रक्त, फिकटपणा आणि अंगावर निळे डाग एकत्र दिसले, तर रक्ताच्या कर्करोगाची शंका घेऊन त्याच दिवशी रक्त तपासावे. एखादे नवे औषध सुरू केल्यावर ओठांवर खपल्या धरल्या, डोळे लाल झाले व त्वचेवर फोड आले, तर ते औषध प्रथम बंद करावे आणि मुलाला रुग्णालयात न्यावे.

परंतु अशी मुले थोडी. बहुसंख्य मुलांचे तोंड विषाणूने किंवा साध्या व्रणाने आलेले असते, आणि त्यांना गरज असते ती वेदना शमविण्याची व पाणी पोटात जाण्याची. वजनाच्या दर किलोस १० ते १५ मिलिग्रॅम या हिशेबाने पॅरासिटामॉल पाजण्याच्या अर्धा तास आधी द्यावे, म्हणजे दुखणे कमी असताना मूल चार घोट घेते. थंड दूध, भाताची निवलेली पेज, मऊ खिमटी, नारळाचे पाणी, क्षारसंजीवनी हे चमच्याने किंवा बोंडल्याने थोडे थोडे, वारंवार द्यावे. तिखट, आंबट व गरम पदार्थ टाळावेत. ॲस्पिरिन मुलांना देऊ नये. विषाणूवर प्रतिजैविकाचा उपयोग होत नाही. ते लिहून देण्याचा आग्रह धरणाऱ्या पालकाला नकार देणे हाही उपचाराचाच भाग आहे.

घरगुती उपायांपैकी एकाबद्दल स्पष्ट बोलणे आवश्यक आहे. टाकणखाराची लाही मधात कालवून बाळाच्या तोंडाला लावण्याची चाल जुनी आहे. टाकणखार बाळाच्या शरीरात साचतो. चोखणीला टाकणखार व मध लावून दिल्यामुळे सात बालकांना झटके आल्याची हकीकत १९८३ साली वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. वर्षाखालील बाळाला नुसता मधही देऊ नये, कारण त्यातील जंतूंच्या बीजांपासून अंग लुळे पाडणारी विषबाधा होऊ शकते. बधिर करणारे मलमही त्याच पंक्तीतले : त्यांपैकी बेंझोकेन दोन वर्षांखालील मुलांच्या तोंडात लावू नये, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१८ साली दिला, कारण त्यामुळे रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती घटते. जुन्या चालीमागे माया असते यात संशय नाही; पण बाळाच्या शरीराला मायेपेक्षा मात्रा कळते.

डॉक्टर मुलाला घरी पाठवितो तेव्हा त्याच्या औषधाच्या चिठ्ठीपेक्षा त्याचे चार शब्द अधिक मोलाचे असतात. मूल आठ तास लघवीला गेले नाही, पाणी अजिबात घेत नाही, सुस्त पडते, किंवा ताप पाच दिवसांपुढे गेला, तर रात्र असली तरी परत आणावे. आणि तोंडातला कोणताही व्रण दोन आठवड्यांत भरून आला नाही, तर तो कितीही लहान असो व मूल कितीही खेळत असो, त्याला पुन्हा दाखवावे. एवढे सांगितलेले आईने ऐकले आणि आशाताईंनी आठवणीने त्या घरी जाऊन विचारले, तर ‘तोंड आले आहे’ या वाक्यामागे दडलेला तो एखादा घातकी आजार वेळेवर हाती सापडतो, आणि बाकीच्या मुलांची नको त्या औषधांतून सुटका होते.